फिगर्स ऑफ स्पीच आणि मराठी अलंकार

इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत कवितेचा उतारा आला की त्याखाली एक प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो : अमुक ओळीतील 'फिगर ऑफ स्पीच' ओळखा. कवितेच्या रसग्रहणाच्या प्रश्नातही कवी, मध्यवर्ती कल्पना आणि यमकरचना यांच्याबरोबर अलंकारांचा उल्लेख अपेक्षित असतो. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याने यावर एक सोपा तोडगा शोधून काढलेला आहे. ओळीत 'लाइक' किंवा 'ॲज' दिसले की सिमिली, निर्जीव वस्तू बोलू-चालू लागली की पर्सोनिफिकेशन, एकाच अक्षराने दोन-तीन शब्द सुरू झाले की ॲलिटरेशन. गुण मिळतात आणि कविता तशीच दूर राहते. वास्तविक हाच विद्यार्थी मराठीच्या तासाला उपमेय, उपमान, साधारण धर्म हे शब्द शिकलेला असतो. इंग्रजी कविता उलगडण्यासाठी लागणारी हत्यारे त्याच्या हातात आधीच असतात. ती इंग्रजीच्या तासाला बाहेर काढायची असतात, हे मात्र त्याला सहसा सांगितले जात नाही.

या दोन्ही परंपरा जुन्या आहेत. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. पुढे त्यांची संख्या वाढत गेली आणि सोळाव्या शतकातील अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'त ती शंभरावर पोचली. पाश्चात्त्य बाजूस ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स' आणि 'ऱ्हेटरिक' या ग्रंथांत मेटाफरचा विचार केला. एका वस्तूचे नाव दुसऱ्या वस्तूला देणे, नावाचे स्थलांतर करणे, अशी त्याची कल्पना होती. पहिल्या शतकातील रोमन शिक्षक क्विंटिलियन याने शब्दाचा अर्थच पालटणारे प्रकार आणि केवळ शब्दांची मांडणी पालटणारे प्रकार असा भेद केला. आपल्याकडील अर्थालंकार आणि शब्दालंकार यांच्याशी तो पुष्कळसा, पण पूर्णपणे नव्हे, जुळतो.

इंग्लंडमध्ये या ग्रीक-लॅटिन नावांनी शाळकरी मुलांना बराच छळ सोसावा लागला असावा. जॉर्ज पटनम यांच्या नावावर असलेल्या 'द आर्ट ऑफ इंग्लिश पोएझी' या १५८९ सालच्या ग्रंथात या नावांना घरगुती इंग्रजी प्रतिशब्द देण्याचा प्रयत्न आहे. त्यात हायपर्बली म्हणजे मोठ्याने खोटे बोलणारा, मेटोनिमी म्हणजे भलतेच नाव घेणारा, आयरनी म्हणजे कोरडी चेष्टा आणि सार्कॅझम म्हणजे कडू टोमणा. हे प्रतिशब्द रुजले नाहीत, परंतु अलंकार काय करतो हे त्यांतून चटकन कळते. आजच्या मार्गदर्शक पुस्तकांतील अनेक व्याख्यांपेक्षा ते अधिक बोलके आहेत.

एका डोंगराची पाच रूपे

सर्वाधिक गोंधळ सिमिली आणि मेटाफर यांच्याभोवती होतो. सिमिली म्हणजे उपमा आणि मेटाफर म्हणजे रूपक, असे समीकरण फळ्यावर लिहून शिक्षक पुढे जातात. समीकरणाचा पहिला भाग थोडा अपुरा आहे आणि दुसरा बराच.

गावाबाहेरच्या एका डोंगराचे उदाहरण घेऊ. 'तो डोंगर झोपलेल्या हत्तीसारखा दिसतो' ही उपमा. 'तो डोंगर म्हणजे जणू झोपलेला हत्तीच' ही उत्प्रेक्षा. 'डोंगररूपी हत्ती ढगांची झूल पांघरून निजला' हे रूपक. 'हा डोंगर नव्हेच, हा तर निजलेला हत्ती' ही अपन्हुती. आणि डोंगराचे नावही न घेता 'गावाच्या वेशीवर एक हत्ती युगानुयुगे निजला आहे' असे म्हटले, तर संस्कृत साहित्यशास्त्र त्याला अतिशयोक्तीच्या एका प्रकारात, रूपकातिशयोक्तीत, घालते. मराठीच्या विद्यार्थ्याला यांपैकी निदान चार प्रकार परिचयाचे असतात.

इंग्रजीत या पाचांसाठी दोनच खाती आहेत. तुलना उघड दाखवणारा शब्द आहे, तेथे सिमिली. तो नाही, तेथे मेटाफर. त्यामुळे 'जणू' या अर्थाचे 'ॲज इफ' किंवा 'ॲज दो' आले की मराठी मन उत्प्रेक्षेकडे धावते, पण इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत तेथे सामान्यतः सिमिली असेच लिहावे लागते. रूपक, अपन्हुती आणि उपमेय लपवणारा पाचवा प्रकार हे तिन्ही मेटाफरच्या पोटात जातात. कार्ल सँडबर्ग यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या 'फॉग' या छोट्या कवितेत धुके मांजरीसारखे वागते, पण 'सारखे' हा शब्द नाही आणि मांजर हा शब्दही धुक्याला थेट लावलेला नाही. केवळ मांजरीची पावले आणि तिची बसण्याची ढब आहे. मराठी रूपकाच्या व्याख्येत ती कविता नीट बसत नाही. इंग्रजीत ती मेटाफरचे नेहमीचे उदाहरण ठरते.

दृष्टीचाही फरक आहे. ॲरिस्टॉटलच्या लेखी मेटाफर हा मूळ प्रकार असून सिमिली म्हणजे एखादा शब्द जास्त असलेला मेटाफर. आपल्याकडे उपमा ही मूळ. एकच नटी निरनिराळ्या भूमिकांत रंगमंचावर यावी तशी उपमा वेगवेगळ्या अलंकारांची रूपे घेते, असे अप्पय्य दीक्षितांनी म्हटले आहे. म्हणूनच मराठी विद्यार्थी तुलनेच्या शब्दापासून सुरुवात करतो, तर इंग्रजी समीक्षेचा कल मेटाफरला अधिक मान देण्याकडे असतो.

ज्या ठिकाणी भारतीय परंपरा स्पष्टपणे पुढे होती, ते ठिकाण मात्र शिक्षकांनी अवश्य लक्षात घ्यावे. ज्याचे वर्णन करायचे ते आणि ज्याच्याशी तुलना करायची ते, यांना स्वतंत्र नावे असावीत ही गरज आपल्याकडे शतकानुशतके भागलेली होती : उपमेय आणि उपमान. इंग्रजीत अशी सर्वमान्य जोडी नव्हती. आय. ए. रिचर्ड्स यांनी १९३६ सालच्या 'द फिलॉसॉफी ऑफ ऱ्हेटरिक' या पुस्तकात 'टेनर' आणि 'व्हेइकल' हे शब्द सुचवले. दोहोंना जोडणाऱ्या समान भूमीला 'ग्राउंड' म्हणतात, म्हणजे आपला साधारण धर्म. पदवीच्या वर्गात इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्याला जे नव्याने शिकवले जाते, ते मराठी शाळेतील मुलाने वेगळ्या नावाने पाठ केलेले असते.

'लाइक' दिसले म्हणून

तुलना दिसली की अलंकार झाला, हा समज दोन्ही भाषांत सारखाच घातक आहे. 'मला आंबे आवडतात' या वाक्याच्या इंग्रजी रूपातही 'लाइक' असते आणि घाईत उत्तर लिहिणारा विद्यार्थी तेथेही सिमिली शोधतो. ही ढोबळ चूक झाली. 'माझा भाऊ वडिलांइतका उंच आहे' या वाक्यातील चूक अधिक सूक्ष्म आहे. येथे 'ॲज' आहे, तुलना आहे, पण अलंकार नाही, कारण दोन माणसांची उंची खरोखरच मोजली आहे. संस्कृत साहित्यशास्त्रकारांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. गवय नावाचा रानटी पशू गायीसारखा दिसतो, या विधानात सादृश्य असूनही उपमालंकार नाही, असे ते सांगत. कारण त्यात चमत्कृती नाही. ती केवळ माहिती आहे. भिन्न जातीच्या दोन वस्तू एकत्र आल्या आणि त्या भेटीतून काही नवे दिसले, तरच अलंकार.

हे नवे काय दिसले, ते सांगणे म्हणजे रसग्रहण. एखाद्या इंग्रजी गोष्टीत 'म्हाताऱ्या कारकुनाचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा होता' या अर्थाचे वाक्य आले, असे समजा. 'येथे सिमिली आहे, कारण लाइक हा शब्द आला आहे' हे उत्तर बरोबर आहे आणि निरुपयोगीही. उपमेय आवाज, उपमान बिजागरी, साधारण धर्म कर्कशपणा, एवढे लिहिले की विद्यार्थी वाक्याच्या आत शिरतो. पण बिजागरी गंजते केव्हा? दार फार दिवस उघडले नाही म्हणजे. मग हा माणूस बरेच दिवस कोणाशी बोललेलाच नसावा. लेखकाने त्याच्या एकटेपणाबद्दल एक अक्षरही न लिहिता ते सांगून टाकले आहे. दुसरे कोणतेही कर्कश उपमान, समजा कावळा, वापरले असते तर कर्कशपणा राहिला असता आणि एकटेपण गेले असते. 'हेच उपमान का?' हा एक प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर अर्धे काम होते.

हेच प्रतीकाच्या बाबतीतही. सरोजिनी नायडू यांची 'इंडियन वीव्हर्स' ही कविता राज्य मंडळाच्या २०२० साली आलेल्या बारावीच्या 'युवकभारती' या इंग्रजी पुस्तकात आहे. विणकर सकाळी तान्ह्या मुलासाठी, संध्याकाळी राणीच्या विवाहासाठी आणि रात्री मृतासाठी वस्त्र विणतात. त्यात सिमिली ओळखता येतात, रंग मोजता येतात. परंतु दिवसाचे तीन प्रहर म्हणजे आयुष्याचे तीन टप्पे आणि विणणे म्हणजे जगणे, हे कोणत्याही एका ओळीत लिहिलेले नाही. ते सगळ्या कवितेत पसरलेले आहे. आपल्याकडे 'विणकर' म्हटले की कबीर आठवतो, त्यामुळे हा अर्थ मराठी वाचकाला फार दूरचा वाटू नये.

आवाज आणि अक्षर

ॲलिटरेशनसाठी अनुप्रास हा शब्द वापरला जातो आणि तो चालण्याजोगा आहे. तरीही अनुप्रासात वर्णाची पुनरावृत्ती ओळीत कोठेही चालते, तर ॲलिटरेशनमध्ये मुख्यतः शब्दाच्या आरंभीचा किंवा आघात असलेल्या अवयवाचा ध्वनी पाहतात. मुख्य अडचण निराळीच आहे. देवनागरीत जसा उच्चार तसे अक्षर असते, म्हणून आपल्याला डोळ्यांनी अनुप्रास शोधण्याची सवय असते. इंग्रजीत ती सवय फसवते. 'सिटी' आणि 'कॅट' हे शब्द एकाच अक्षराने सुरू होतात, पण ध्वनी वेगळे. 'फोन' आणि 'फॅन' यांची पहिली अक्षरे वेगळी, पण ध्वनी एक. गुडघा या अर्थाच्या 'नी' शब्दात पहिले अक्षर मुके असते आणि त्याचे ॲलिटरेशन 'नाइट', 'नेम' यांच्याशी जमते. शब्द मनात देवनागरीत लिहून पाहिले की ही अडचण बहुतांशी सुटते. मराठी मुलाला मिळालेली ही एक सोयच म्हणायची.

यमकाचेही तसेच. 'लव्ह' आणि 'मूव्ह' यांची इंग्रजी स्पेलिंग शेवटी सारखी असतात, कानाला मात्र ते जुळत नाहीत. त्याला डोळ्यांचे यमक म्हणतात. जुन्या कवितेतील अशी काही यमके पूर्वीच्या उच्चारांत खरोखर जुळत होती, हेही ध्यानात ठेवावे. एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते : इंग्रजीतील सर्वांत जुनी मोठी कविता, 'बेओवुल्फ', यमकावर नव्हे तर ॲलिटरेशनवर उभी आहे. इंग्रजी कवितेत हा अलंकार दागिना होण्याआधी घराची तुळई होता.

नादानुकारी शब्दांविषयी, म्हणजे ऑनोमॅटोपियाविषयी, मराठी माणसाला फार सांगण्याची गरज नाही. खळखळ, सळसळ, किणकिण, कडकडाट अशा शब्दांनी ही भाषा गच्च भरलेली आहे.

चंद्र मामा की चंद्र बाई

पर्सोनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती. तो सोपा समजला जातो आणि नेमका तेथेच मराठी वाचकाच्या हातून एक खूण निसटते. मराठीत प्रत्येक नामाला लिंग आहे. नदी 'ती', वारा 'तो', जहाज 'ते'. त्यात कवीचे काही कर्तृत्व नसते. इंग्रजीत निर्जीव वस्तूला सहसा 'इट' असते. त्यामुळे कवीने वाऱ्याला 'ही' किंवा चंद्राला 'शी' म्हटले की ती जाणीवपूर्वक केलेली कृती असते. केवळ सर्वनामाने तेथे माणूस उभा केलेला असतो. मराठी विद्यार्थी 'तो', 'ती' वाचण्याला इतका सरावलेला असतो की ही खूण त्याला दिसतच नाही. चंद्राचा घोळ तर दुहेरी आहे. आपला चंद्र हा पुरुष, मुलांचा मामा. इंग्रजी काव्यात तो ग्रीक-रोमन देवतांच्या वारशाने बहुधा स्त्री असतो. एमिली डिकिन्सन यांच्या मृत्यूनंतर १८९० साली छापल्या गेलेल्या एका प्रसिद्ध कवितेत मृत्यू हा घोडागाडीतून न्यायला आलेला सभ्य गृहस्थ आहे. त्याची सभ्यता सर्वनामापासूनच सुरू होते. यमदूत आणि रेड्याची सवय असलेल्या वाचकाला तर त्या सौजन्याचा धक्का अधिकच बसायला हवा.

उपमानांना असे गाव आणि हवामान असते. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या शेक्सपिअरच्या अठराव्या सुनीतात प्रिय व्यक्तीची तुलना उन्हाळ्याच्या दिवसाशी करावी काय, असा विचार आहे. विदर्भातील विद्यार्थ्याने मे महिन्यात हे वाचले तर ती स्तुती आहे की तक्रार, असा प्रश्न त्याला पडेल. थंड देशात ऊब सुखाची असते, म्हणून इंग्रजीत स्वागत 'वॉर्म' असते आणि दुरावा 'कोल्ड'. आपल्याकडे डोळे निवतात, जीव गार होतो, आणि तापते ते डोके. घुबड तेथे शहाणपणाचे चिन्ह, येथे अशुभाचे. चंद्रासारखे मुख ही आपल्याकडे कौतुकाची परिसीमा, तर इंग्रजीत चंद्रमुखी म्हणजे केवळ गोल चेहऱ्याची, आणि चंद्राची ख्याती चंचलपणाची. शब्दकोशात शब्दाचा अर्थ मिळतो. त्याच्या उबेचा वा थंडीचा अर्थ तेथे मिळेलच असे नाही, तो वर्गात सांगावा लागतो.

ज्या उपमा वापरून वापरून झिजल्या, त्यांतही ही दोन गावे दिसतात. सुईला मराठीत नेढे असते, इंग्रजीत डोळा. घड्याळाला आपल्याकडे काटे, तेथे हात. धो धो पावसासाठी इंग्रजीत मांजरे आणि कुत्री कोसळतात म्हणतात, याचे हसू येते. पण 'मुसळधार' म्हणताना आकाशातून मुसळे पडतात हे कोणाच्या मनात येते? जॉर्ज लॅकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० साली 'मेटाफर्स वी लिव्ह बाय' या पुस्तकात असे दाखवले, की मेटाफर हा कवितेपुरता नसून रोजच्या विचाराचा सांगाडाच त्याने बनलेला असतो. इंग्रजीत वेळ हा पैशासारखा खर्च होतो, वाचतो, गुंतवला जातो. मराठीतही तो खर्च होतो आणि वाया जातो, शिवाय तो येतो, टळतो आणि कधी कधी माणसावर येतोही.

नाव एक, प्रकार तीन

मेटोनिमी आणि सिनेक्डकी यांना शालेय मराठी अलंकारांत जोडीदार सापडत नाही आणि म्हणून मुले त्या घाबरत घाबरत वाचतात. त्यांचे घर अलंकारांत नसून शब्दशक्तीच्या प्रकरणात आहे. मराठी व्याकरणात लक्षणा शिकवतात, तीच ही. 'बाबा ताटावर बसले' म्हणजे ताटावर नव्हे, जेवायला. 'दिल्लीने निर्णय घेतला' यात शहराने सरकारची जागा घेतली, ही मेटोनिमी. 'घरात खाणारी सहा तोंडे' यात अवयवाने माणसाची जागा घेतली, ही सिनेक्डकी. 'स्लीपलेस नाइट' या प्रयोगात झोप न लागलेला माणूस असतो, रात्र नव्हे. विशेषण शेजारच्या नामावर सरकले आहे, म्हणून तो ट्रान्सफर्ड एपिथेट.

सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाची मात्र आयरनी. इतर अलंकार ओळखता आले नाहीत तर आस्वाद कमी होतो, आयरनी कळली नाही तर अर्थ उलटा होतो. शाब्दिक आयरनी मराठी घराघरांत रोज नांदते. 'मोठे दिवे लावलेस', 'काय उजेड पाडलास' ही वाक्ये स्तुतीची नाहीत हे पाच वर्षांच्या मुलालाही समजते. व्याजस्तुती हा अलंकार तिच्या सर्वांत जवळचा. काही ठिकाणी आयरनीसाठी व्याजोक्ती असा प्रतिशब्द दिला जातो, तो टाळावा. व्याजोक्तीत खरे कारण लपवून दुसरेच सांगितले जाते आणि ती वेगळी गोष्ट आहे. नाट्यगत आयरनी हा तर अलंकारच नव्हे, ती कथानकाच्या रचनेत असते. 'मॅकबेथ'मध्ये राजा डंकन ज्या किल्ल्याच्या प्रसन्न हवेचे कौतुक करीत आत शिरतो, तेथेच त्याचा खून व्हायचा असतो. हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, त्याला नाही. त्या संवादात एकही वक्र शब्द नाही, तरी अंगावर काटा येतो. तिसरी परिस्थितीची आयरनी, जिच्यात अपेक्षेच्या नेमके उलटे घडते.

घरात आयरनी ओळखणारे मूल पुस्तकात फसते, कारण पुस्तकात सूर ऐकू येत नाही. जोनाथन स्विफ्ट यांनी १७२९ साली 'अ मॉडेस्ट प्रपोजल' या पुस्तिकेत, आयर्लंडमधील गरिबांनी आपली तान्ही मुले श्रीमंतांना खाण्यासाठी विकावीत, असा प्रस्ताव हिशेबासकट आणि अत्यंत शांत भाषेत मांडला. त्यात कोठेही डोळा मिचकावलेला नाही. माणसांकडे आकड्यांच्या नजरेने पाहणाऱ्या धोरणकर्त्यांचीच भाषा उसनी घेऊन त्यांनी ती त्यांच्यावर उलटवली होती. येथे विद्यार्थ्याला 'लाइक' सापडणार नाही, 'ॲज' सापडणार नाही, ध्वनीची पुनरावृत्तीही नाही. बोलणारा निवेदक आणि लिहिणारा स्विफ्ट ही दोन वेगळी माणसे आहेत, हे ओळखण्यासाठी त्याला आधी मजकूर पूर्ण वाचावा लागतो, आणि मग सांगितलेल्या गोष्टीची व सांगण्याच्या सुराची सांगड का बसत नाही, ते पाहावे लागते.